चारांत एखादी खरी

ओवेंगा, चॅथम बेट
११ जुलै २०१२

नायरी,

तुझ्या भावाचं नाक चोंदलंय. बाकी सगळं मजेत.

विमान आलं की सर्दी येते, हे तुला वेगळं सांगायला नको, तू इथेच लहानाची मोठी झालीस. गेल्या विमानातून मेव्हिसच्या दुकानाचं सामान उतरलं, दोन सरकारी पाहुणे उतरले आणि त्यांच्या मागोमाग ही बया उतरली. पाहुणे परत गेले, ही राहिली. आता अख्खं बेट शिंकतंय. घरात बसणाऱ्यांचं ठीक आहे, शिंकायचं आणि चहा प्यायचा. आम्हा पाणबुड्यांचं तसं नाही. नाक बंद म्हणजे कान बंद, आणि कान बंद असताना दोन पुरुष खोल उतरलं तरी कुणी आत सुई खुपसतंय असं वाटतं.

त्यात वारा. पाणी स्वच्छ आणि वारा गप्प असा दिवस इथे सणासारखा कधीतरी येतो. तो आला की सर्दी असो, ताप असो, उतरायचं. पाउआचे शिंपले काही खडक सोडून आपणहून पोत्यात येऊन बसत नाहीत. कंपनीने ठरवून दिलेला वाटा सप्टेंबरअखेर काढून झाला नाही, तर पुढच्या हंगामात तो टॉमोला जाणार. टॉमो आपला मावसभाऊ खरा, पण माझी शिंक ऐकली की त्याचा चेहरा खुलतो. वाटा गेला म्हणजे बोट किनाऱ्यावर कोंबड्यांना अंडी घालायला. मग मी काय करू? मेंढ्या कातरू? मला दुसरं काही येत नाही, नायरी, हे तुला माहीत आहे.

तर मुद्दा असा. तू पाठवतेस त्या सर्दीच्या नवीन गोळ्या बंद कर. डबी तीच, नाव तेच, गोळी तशीच पांढरी, आत मात्र खडू. जुनी गोळी सकाळी चहाबरोबर घेतली की बोट बंदर सोडायच्या आत दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. नवीन घेतली की मी वाट बघतो, आणि वाट बघता बघता दिवस जातो.

जुन्या पाठव. तुमच्या औषधाच्या दुकानात कुलपात असतात म्हणे. किल्ली तर तुझ्याचकडे आहे ना?

पारे बरी आहे. मी पाण्याखाली आणि ती वर बोटीत माझी हवेची नळी धरून, त्यामुळे भांडायला वेळ मिळत नाही. संसार उत्तम.

हेपा


टिमारू
२० जुलै

हेपा,

किल्ली माझ्याकडे आहे, म्हणूनच नाही.

त्या गोळ्या कुलपात का गेल्या ते तुलाही ठाऊक आहे. लोक डब्यांवर डबे नेऊन त्यातून नशेचा माल शिजवायला लागले, आणि सरकारने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही. कंपन्यांनी त्याच डबीत दुसरं औषध भरलं आणि गिऱ्हाइकाला फारसं कळू दिलं नाही.

तू खडू म्हणतोस. काउंटरमागे उभी असताना मी हे तोंडातून काढणार नाही, पण भाऊ म्हणून सांगते, तुझं चुकलेलं नाही. ते औषध थेंब करून नाकात घातलं तर काम करतं. गोळी करून गिळलं की नाकापर्यंत पोचायच्या आत आतडी आणि लिव्हर मिळून त्याचा फडशा पाडतात. कुणीकुणी साखरेच्या गोळीशी ताडून पाहिलं, त्यांना फरक सापडला नाही. मी मात्र रोज विकते, आणि आठवड्याने माणूस येऊन सांगतो की बरं वाटलं. सर्दी आठवड्याने तशीही जाते.

आता जुनी का चालते ते ऐक. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ती आवळते. पण नाक कुठे संपलं आणि बाकीचा माणूस कुठे सुरू झाला, हे तिला कळत नाही. ती सगळीकडच्याच आवळते. धडधाकट माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही, बीपी जरासं चढतं, नाडी जरा पळते. पण ज्याचं बीपी आधीच चढलेलं आहे त्याच्यावर मी पैज लावणार नाही. तुझं किती आहे? पाणबुड्यांची तपासणी मार्चमध्ये झाली असेल. आकडा कळव. ‘मस्त’ हा आकडा नव्हे.

सोबत नाकात मारायचा स्प्रे आहे आणि नाक धुवायला मिठाच्या पुड्या. स्प्रे तीन दिवसांच्या वर नको, नाहीतर नाक त्याचं गुलाम होतं. आणि सर्दी असताना उतरू नकोस. हे वाचून तू हसशील, हे माहीत असूनही लिहिलंय.

नायरी


ओवेंगा
२ ऑगस्ट

औषधवाल्या बाई,

हसलो. पारेलाही वाचून दाखवलं, तीही हसली, पण जरा कमी.

तुझा स्प्रे मारून उतरलो. वीसेक मिनिटं राजा होतो. मग खाली असतानाच नाक बंद झालं आणि वर येताना कानातली हवा बाहेर निघेना. जाताना दुखतं ते मला माहीत होतं, येताना काय होतं ते आता कळलं. मी खडकाला धरून थोडा वर, थोडा खाली असा नाचत होतो. पारेला वाटलं, मोठा शिंपला निघत नाहीये. वर आलो तेव्हा कानातून थोडं रक्त आलं होतं. थोडंच. मीठ आम्ही कॉड माशाला लावलं, चांगलं लागलं.

बीपीचं विचारतेस. नर्सबाई म्हणाली, हेपा, तुझ्यासारखा घोडा या बेटावर दुसरा नाही. आकडा तिने लिहून घेतला, मी नाही. मी काय परीक्षेला बसलोय?

काल पाणी काचेसारखं होतं. मी अंथरुणात. टॉमो पोती भरून आला आणि माझ्या दारावरून ट्रक हळू चालवत नेला. रस्त्यात खड्डा नाही, मेंढरू नाही, तरी हळू. वर हात हलवून विचारतो, काय हेपा, रजेवर का? तुमच्या गावात माणसाला सर्दी झाली की तो रजेचा अर्ज टाकतो. मी कुणाकडे टाकू? समुद्राकडे?

ताई, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. वाटा गेला तर मी या घरात नुसता बसून राहीन आणि पारेचं डोकं खाईन. पडदा फाटून बहिरा झालो तरी तेच. तू म्हणतेस धडधाकट माणसाचं फारसं बिघडत नाही. मी धडधाकट आहे. एक डबी पाठव. नसशील पाठवणार तर पुढच्या पत्रात औषधाचं काही लिहू नकोस, हवापाण्याचं लिही.

हेपा


टिमारू
१० ऑगस्ट

हेपा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन्हीत हवापाण्याचं लिहिलं होतं.

सोबत डबी आहे. दुकानातली नाही. कुलूप लागायच्या आधीची, आमच्या घरच्या कपाटातली आहे आणि मुदत अजून बाकी आहे. हे मी करायला नको. तुझ्या कानातून रक्त आलं हे वाचल्यापासून मला एका जागी उभं राहवत नाही. काल एका म्हातारीच्या हातात दुसऱ्याच कुणाची पुडी देता देता राहिले. खाली तोल गेला, वर कुठे आणि तळ कुठे कळेनासं झालं, असं तुझं काहीतरी सारखं डोळ्यांपुढे येतं.

नीट वाच. सकाळी एक. एकच. ही तुझी खडूची गोळी नव्हे. एकीने नाक सुटलं नाही तर त्या दिवशी उतरायचं नाही, दुसरी घ्यायची नाही. छाती धडधडली किंवा डोकं ठणकलं तर जिथे असशील तिथून वर यायचं आणि नर्सबाईकडे जायचं. घोडा म्हणाली ते मी खरं धरतेय. तुझ्या नव्हे, तिच्या भरवशावर पाठवतेय.

पोचल्याचं लगेच कळव.

नायरी


ओवेंगा
१४ ऑगस्ट

नायरी,

मी कधी तुला लिहीत नाही, हेपाच लिहितो. त्यामुळे हे पाकीट बघून तू दचकशील. कुणाला काही झालेलं नाही. पण उत्तर घरी पाठवू नकोस, मेव्हिसच्या दुकानात माझ्या नावाने ठेव.

नर्सबाई घोडा वगैरे काही म्हणाली नाही. मी तिथे होते. तिने एकदा मोजलं, मग त्याला बसवून ठेवलं आणि परत मोजलं. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे होता. तिने बीपीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, पाण्यात उतरायच्या दाखल्यावर शिक्का मारते, पण महिन्याने परत ये, नाहीतर काढून घेईन. हेपा परत गेलाच नाही. त्या गोळ्या घेतल्या की पाण्यातून वर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून त्याही बंद केल्या. मला बजावलंय की हे बाहेर गेलं तर टॉमोचीच चांदी. म्हणून मी गप्प बसले.

तू नवीन गोळ्यांबद्दल लिहिलंस ते त्याने मला वाचून दाखवलं, तेव्हा मी हसले ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तो त्या चार-चार खातो, नायरी. आधी एक घ्यायचा, मग दोन, आता मुठीने. मला रोज भीती वाटायची. त्या खडूच आहेत म्हटल्यावर मी म्हटलं, खाऊ दे बापडा. म्हणून माझं मागणं एवढंच आहे की खडूच पाठवत राहा. जुन्या त्याने कितीही मागितल्या तरी देऊ नकोस. तो तोंडाने गोड आहे, मागणं त्याला चांगलं जमतं.

आणि कधी पाठवायच्याच झाल्या तर आधी मला कळव. बोटीवर पुठ्ठ्याची डबी ओली होऊन दोन दिवसांत लगदा होतो, म्हणून आम्ही सगळेच आलेल्या गोळ्या फोडून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओततो. एकदा त्यात गेली की कुठली कुठली काही ओळखू येत नाही.

रविवारनंतर वारा पडेल म्हणतात. आम्ही उत्तरेच्या खोपीवर जाणार. तिथे फोन नाही, फक्त बोटीवरचा रेडिओ.

पारे


टिमारू
२० ऑगस्ट, सकाळ

पारे,

तुझं पत्र दुकानात आलं. उभ्या उभ्या वाचलं. मी पाठवल्या आहेत. ज्या विमानाने माझं पाकीट तिथे उतरवलं, त्याच विमानाने तुझं पत्र उचललं असणार.

घराचा फोन वाजून वाजून थांबला. मग मेव्हिसला लावला. ती म्हणाली, दोघं कालच खोपीवर गेली, आज समुद्र तेलासारखा आहे, सगळ्या बोटी बाहेर आहेत. मी तिला म्हटलं, रेडिओवर पुकार. तिने विचारलं, काय सांगू? मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं, बीपीचं, सगळं. काउंटरपलीकडे लोक उभे होते, तेही ऐकत होते. थोडं सांगितलं असतं तर तू विचारात पडली असतीस आणि तेवढ्यात तो उतरला असता, म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही.

तो डबा त्याच्या हाताला लागू देऊ नकोस. तो चिडला तर चिडू दे. एक घेतली असेल तर शांत बसव, नर्सबाईकडे ने. जास्त घेतल्या असतील तर कसंही करून पाण्याबाहेर काढ. हे सगळं तुला विमान आल्यावर वाचायला मिळेल, तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नसेल. हात रिकामा ठेवता येत नाही म्हणून लिहितेय.

दुपार. मेव्हिस म्हणते तिने पुकारलं. तू ‘ऐकलं’ एवढंच म्हणालीस आणि नंतर तुमच्या बोटीवरून आवाज नाही. ऐकलंस म्हणजे वेळेवर ऐकलंस का?

मी दुकान दुसरीच्या हातात दिलंय. मागच्या खोलीत बसलेय. चहा केला आणि ओतून टाकला.

संध्याकाळ. मेव्हिस फोन उचलत नाही. नर्सबाईचा गुंतलेला येतो. मघापासून गुंतलेला आहे. कुणाशी बोलतेय ती इतका वेळ?

नायरी


ओवेंगा
३० ऑगस्ट

नायरी,

फोनवर मी एवढंच म्हणाले की तो आहे. त्याहून जास्त बोलता येत नव्हतं, तो पलीकडच्या खोलीत जागा होता. आता बाहेर शेडमध्ये बसून लिहितेय.

तुझं पाकीट त्याने स्वतःच मेव्हिसकडून उचललं आणि मला न सांगता डब्यात ओतलं. मला वाटलं डब्यात खडूच आहे. त्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारख्या चार उचलल्या आणि मीच त्याच्या हातात चहा दिला. नंतर त्याला विचारलं, तर म्हणाला, जुन्या-नव्या मिसळल्या होत्या, चारांत एखादी तरी खरी लागेल म्हणून घेतल्या. तुझी एकच घ्यायची ताकीद त्याने वाचली होती. त्याला वाटलं, तू उगाच घाबरवतेस.

तो उतरला. नळी सरळ जात होती, पंप नीट चालला होता. बराच वेळ झाला आणि रेडिओवर मेव्हिसचा आवाज आला. पारे, नायरीचा निरोप आहे, हेपाला त्या गोळ्या देऊ नकोस, त्या खऱ्या आहेत, त्याचं बीपी वाढलेलं आहे, त्याला उतरू देऊ नकोस. सगळ्या बोटींनी ऐकलं. मधेच टॉमो म्हणाला, काय झालं हेपाला? मी ‘ऐकलं’ एवढंच म्हणाले आणि नळीकडे वळले.

तुला आमच्या खुणा आठवतात की नाही, माहीत नाही. नळीला एक हिसका म्हणजे ठीक आहेस का. दोन म्हणजे पोतं ओढ. तीन म्हणजे शार्क. मी एक दिला. त्याने एक परत दिला. ठीक. तो ठीक नाही असं कधी म्हणणारच नाही, मरतानाही म्हणणार नाही. एका हिसक्याने तो वर येणार नव्हता आणि दुसरी खूण माझ्याकडे नव्हती. म्हणून मी तीन दिले.

तीन हिसके खोटे कुणी देत नाही, नायरी. इथली पोरंही थट्टेत देत नाहीत. तो सुरी टाकून, पोतं टाकून वर आला. काठावरून आत पडला आणि मागे वळून पाण्याकडे बघत ओरडला, कुठे आहे? मी म्हटलं, कुठेच नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बोलायला त्याने तोंड उघडलं आणि ओकला. चेहरा राखेसारखा झाला. डोक्यात कुऱ्हाड घातल्यासारखं दुखतंय म्हणाला आणि नाकातून रक्त सुरू झालं. मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. टॉमोने बोट जवळ आणली, दोर लावला आणि आम्हाला ओढत नेलं. धुक्यामुळे विमान उतरू शकलं नाही. नर्सबाई एका हाताने फोनवर डॉक्टरशी बोलत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला औषध देत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे त्याचा आकडा खाली आला.

आता तो घरी आहे. शिक्का गेला. वाटा जाणार हेही ठरल्यासारखंच आहे, सगळ्यांनी ऐकल्यावर झाकायचं काय? मला एकदाच म्हणाला, नळी धरणाऱ्याने खोटं बोलायचं नसतं. त्यानंतर तो माझ्याकडे बघत नाही. मी ताट ठेवते, तो जेवतो.

तुला एक विचारायचं आहे. तो म्हणतो, खाली असताना त्याला काही होत नव्हतं, शार्क आला म्हणून जिवाच्या आकांताने वर आला तेव्हा छाती फुटायला आली. मग हे गोळ्यांनी झालं, की माझ्या तीन हिसक्यांनी? तुला यातलं कळतं. खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

पारे


टिमारू
७ सप्टेंबर

हेपा,

पारेने मला एक प्रश्न विचारलाय. उत्तर तुला लिहितेय. वाचून झालं की तिला मोठ्याने वाचून दाखव, तेवढ्यासाठी तरी तिच्याशी बोलावं लागेल.

ती विचारते, गोळ्यांनी झालं की तिच्या खुणेने. भीतीनेही बीपी चढतं, हे खरं आहे. पण शार्क नाही हे बोटीत पाय ठेवताच तुला कळलं. भीती तेवढ्यावर उतरायला लागते. तुझं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं नाही. त्याला भीती म्हणत नाहीत.

खाली काही होत नव्हतं म्हणतोस. त्या गोळीला अंगात पुरती चढायला तास-दीड तास लागतो. तू खाली होतास तेव्हा ती चढतच होती. पारेने तुला वर आणलं नसतं, तर तीच उलटी, तेच डोकं, तेच नाकातलं रक्त तुला तळाशी आलं असतं, तोंडात हवेची नळी असताना. तिने एक हिसका देऊन तुला विचारलं होतं. तू ठीक म्हणालास. खोटं आधी कोण बोललं, हेपा?

आता माझं. माझ्या काउंटरवर अनोळखी माणूस येऊन म्हणाला असता की मी घोडा आहे, आकडा विचारू नका, गोळ्या द्या, तर त्याला मी दारातून परत पाठवलं असतं. तुला पाठवल्या. तुझ्या घोड्यावर मी विश्वास ठेवला, कारण तू रागावून पत्र लिहायचं बंद करशील याची मला जास्त भीती वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं शोधलं, सापडलं नाही. तू आजारी पडलास त्या दिवशी मी मागच्या खोलीत बसून नर्सबाईचा गुंतलेला फोन ऐकत होते, आणि मला एकच कळत होतं की माझ्या कपाटातली डबी तुझ्या पोटात आहे.

रागवायचं तर माझ्यावर रागव. मी लांब आहे, मला झेपेल. ती त्याच घरात आहे. बीपीची गोळी रोज घे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

नायरी


ओवेंगा
१७ फेब्रुवारी २०१३

नायरी,

तू नाताळात पाठवलेले मोजे पोचले. त्याआधीची दोन पत्रंही पोचली होती. उत्तर दिलं नाही, कारण तू नाही दिलंस तरी चालेल असं लिहिलं होतंस, आणि मी आज्ञाधारक आहे.

बीपीची गोळी घेतो. नर्सबाई महिन्याला बोलावते आणि आकडा मोठ्याने वाचते, म्हणजे मला नंतर तो घोडा करता येऊ नये.

तुझं पत्र मी पारेला लगेच वाचून दाखवलं नाही. पुष्कळ दिवस खिशात घेऊन फिरलो. मग एकदा ती कोंबड्यांना दाणे घालत होती तेव्हा शेजारी उभा राहून वाचलं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, दाणे संपले, पोतं आण. त्याच्यावर आमचं बोलणं परत सुरू झालं. पूर्वीसारखं नाही, पण सुरू झालं.

कंपनीने निम्मा वाटा टॉमोला दिला. उरलेला निम्मा जाणार होता, तर पारेने सगळ्या तपासण्या करून स्वतःच्या नावाने शिक्का आणला. लग्नाआधी ती तिच्या भावांबरोबर बुडी मारायची, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तिला शिंपला माझ्याआधी दिसतो, हे टॉमोला सांगू नकोस.

तर आता ती खाली आणि मी वर. टॉमो रेडिओवरून विचारतो, हेपा, चहा झाला का? मी म्हणतो, झाला, ये प्यायला. मनातून त्याला समुद्रात ढकलतो.

नायरी, नळी धरून बसणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. खाली असलं की खडक असतो, सुरी असते, पोतं असतं, माणूस कामात असतो. वर काहीच नसतं. बुडबुडे येतात, तेवढे बघायचे. माझा हात नळीवरून निघत नाही, लघवीलाही जावंसं वाटत नाही. इतकी वर्षं ती अशी बसली आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकाला लागली.

काल वारा अजिबात नव्हता. ती उतरली. बुडबुडे खडकाच्या कडेने सरकत होते, मग एकाच जागी यायला लागले. मी एक हिसका दिला. तिने एक परत दिला. ठीक. तरी बुडबुडे तिथेच. मी पाण्यात वाकून वाकून पाहिलं. सावली नाही, काही नाही, पाखरं आपली शांत बसलेली. तिला शिंपल्यांचा मोठा थर सापडला असणार, हे मला कळत होतं. मी इतकी वर्षं तेच केलंय. ते कळत असतानाच मी तीन हिसके दिले.

ती वर आली. पोतं खालीच टाकलं होतं, सुरीही. काठ धरून आधी मागे पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, नाही, काही नाही. तिने तोंडातली नळी काढली नाही. तशीच काठाला धरून माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मी पेटीतली दुसरी सुरी काढून पुढे केली. ती तिने घेतली आणि परत खाली गेली.

हेपा